जोर शेवटच्या तुकड्यावर

मूल गावच्या राईस मिलमागे आमचे सर फ्रेंच शिकवतात. क्रियापदाचे तुकडे पाडायचे आणि शेवटच्या तुकड्यावर टेबल बडवायचं. "पार-लों! जोर शेवटी दे ना बे!" फ्रान्सचा माणूस कधी भेटलाच नव्हता, म्हणून सरांचे उच्चार बिनचूक होते.

परवा जंगल पाहायला निघालेलं एक फ्रेंच जोडपं चौकात थांबलं आणि नवरा उन्हानं कोसळला. आम्ही सरांना गाडीवर बसवून आणलं. बाई रडत रडत सांगत होती. सर डोळे मिटून, मांडीवर बोटं आपटत ऐकत राहिले.

"काय म्हणून राह्यली, सर?"

"जोर चुकून राह्यला तिचा."

शेवटी चहावाल्या बाईनंच नवऱ्याच्या डोक्यावर माठ रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्या फ्रेंच बाईचं वाक्य फळ्यावर लिहून दुरुस्त केलं. अर्थ होता, पाणी द्या.