कोणताही जुना आजार नाही

अटकपूर्व जामीन मिळाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी माझ्या अशिलाच्या बायकोला ठाण्यात बोलावलं. तिसऱ्या दिवशी त्यांची साडेचार वर्षांची मुलगी आरू दुर्गच्या शिशुगृहात गेली. दोन्हीला कारण माझा युक्तिवाद होता.

अशील होता संदीप मेश्राम, सैन्यात नाईक. घर भिलाईत, खुर्सीपारला. आई, बायको प्रतिभा आणि आरू इथे, तो सीमेवर. जानेवारीत महिनाभराच्या सुट्टीवर आला. नवव्या दिवशी जवळच्या हुडको वसाहतीतल्या शाळेत बाईंच्या लक्षात आलं की आरूच्या दोन्ही हातांचे पंजे सुजलेत आणि तिला पेन्सिल धरवत नाही. बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पापा सुबह परेड कराते हैं।" शाळेने बालहेल्पलाइनला कळवलं, हेल्पलाइनने पोलिसांना. पोलिसांनी मुलीला आणि बापाला सरकारी रुग्णालयात नेलं.

तिथे मुलाहिजा झाला. पोलिसांच्या सांगण्यावरून होणाऱ्या वैद्यकीय तपासणीला आमच्याकडे मुलाहिजा म्हणतात. सूज ताजी होती. पण एक्स-रेमध्ये बोटांच्या हाडांवर नव्या हाडाचा थर दिसला. हाडाला इजा झाली की ते बरं होताना असा थर धरतं. डॉक्टरांनी लिहिलं: जुनी, भरत आलेली इजा, किमान तीन आठवड्यांपूर्वीची. जुनी इजा आणि ताजी सूज एकत्र वाचून पोलिसांनी अर्थ लावला की मुलीला पुन्हा पुन्हा मारलं जातं. संदीपवर गुन्हा दाखल झाला.

फौजीचा बचाव एका अर्थी सोपा असतो. त्याच्या प्रत्येक दिवसाचा कागद असतो. सुट्टीचा दाखला, रेल्वेचं वॉरंट, युनिट सोडल्याची तारीख. इजा तीन आठवड्यांपूर्वीची आणि माणूस घरी येऊन नऊ दिवस. मी अर्जात लिहिलं, "सदर जुनी इजा अर्जदार घरी नसताना झालेली आहे." वीस मिनिटांत जामीन झाला.

संध्याकाळी तपास करणाऱ्या सब-इन्स्पेक्टरचा फोन आला.

"मैडम, आपने तो हमारा काम आसान कर दिया। बाप घर पर नहीं था। तो कौन था?"

घरी प्रतिभा होती. तिला ठाण्यात चार तास बसवलं. मग प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेलं. मूल कुठे सुरक्षित आहे, हे ठरवण्याचा अधिकार या समितीला असतो. फौजदारी खटल्याशी तिचा संबंध नसतो. खटल्यात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. समितीत तो मुलाला मिळतो. समितीने प्रतिभाला विचारलं, हात कशाने सुजले? ती म्हणाली, "कभी कभी सूज जाते हैं। अपने आप उतर जाते हैं।" मारणारे आईबाप बहुधा हेच सांगतात. समितीने आरूला शिशुगृहात ठेवण्याचा आदेश दिला.

मी खुर्सीपारला गेले. हे आधीच करायला हवं होतं. संदीप बाहेर गेला होता. त्याची आई दारातच होती.

"या वकीलबाई, या. तुमच्या कागदानं पोराले सोडवलं अन् नातीले नेलं. चहा घेता का?"

मी चहा घेते म्हणाले. प्रतिभा ओट्याशी उभी होती. मीही तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. साखरेच्या डब्यामागे गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. लहान, पिवळ्या गोळ्या.

"या कोणाच्या?"

"आरूच्या," प्रतिभा घाईने म्हणाली. "ताकदीच्या हायेत. मी शिशुगृहात घेऊन गेली होती. पण ते म्हणते, पर्ची के बिना कोई दवा नहीं देंगे."

"मग डॉक्टरची पर्ची दाखवायची."

तिने पट्ट्या पुन्हा डब्यामागे सरकवल्या.

माझे वडीलही नागपूरकडून इथे स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले होते. माझ्या मोठ्या भावाने या गोळ्या बारा वर्षं घेतल्या. आमच्या घरीही पाहुण्यांना त्या ताकदीच्याच गोळ्या म्हणून सांगितल्या जात.

"सिकलिंग हाय का तिले?" मी विचारलं.

म्हातारीने भांडं खाली ठेवलं. "सांगू नोका म्हणलं होतं संदीपनं. मी काई बोलली नाई. तुमीच बोलल्या."

सिकलसेल हा रक्ताचा आजार. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही, हाड दुखावतं. लहान मुलांमध्ये हातापायांचे पंजे सुजतात. सूज उतरली की हाडावर नवा थर येतो. एक्स-रेमध्ये तो मार लागून भरलेल्या हाडासारखाच दिसतो. थंडी, दमणूक, पाणी कमी पिणं यांनी हा त्रास उचल खातो. विदर्भातून आलेल्या आमच्या लोकांत आणि छत्तीसगढातही हा आजार पुष्कळ आहे. तो पुष्कळ घरांतून लपवलेलाही असतो.

प्रतिभाने पिठाच्या डब्याखालून कार्ड काढून दिलं. आरूचं नाव, आजाराचं नाव, खाली सूचना. थंडीपासून जपा. भरपूर पाणी द्या. ताप आला तर लगेच दवाखान्यात न्या.

"हे पोलिसांना का नाही दाखवलं?"

"त्याईनं मना केलं. दोन दिवसांची गोष्ट हाय, वकील पाहून घेईन, म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी संदीपला दुर्गच्या कोर्टात माझ्या टेबलाशी बोलावलं.

"मुलाहिज्यात डॉक्टरने जुना आजार विचारला होता?"

"हो."

"काय सांगितलं?"

"नाही म्हणून सांगितलं."

मुलाहिज्याच्या कागदावर ती ओळ होतीच. पूर्व आजार कोणताही नाही, पित्याच्या सांगण्यानुसार. मी ती आधी दोनदा वाचली होती आणि पुढे गेले होते.

"कावून?" मी विचारलं.

"मॅडम, पोरीला ही बीमारी म्हणजे आईबाप दोघांच्या रक्तात असते. आमाला त्रास नाई, पण रक्तात असतेच. भरतीच्या वेळी मी सांगितलं नव्हतं. आता कागदावर आलं तर मेडिकल बोर्ड लागन. कॅटेगरी खाली गेली तर हवालदारीची बढती गेली."

"आणि परेड काय होती?"

"साडेपाचला उठवत होतो. गल्लीत दोन चक्कर. मग थंड्या पाण्यानं आंघोळ."

"जानेवारीत?"

"बीमार बीमार करून बसवून ठेवलं तर कमजोरच राहीन, असं वाटलं."

"कार्ड वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"मारलं?"

"नाई मॅडम. एकदा बी नाई."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण हे कार्ड दाखल केलं तर एका कागदाने दोन गोष्टी सिद्ध होणार होत्या. त्याने मुलीला मारलं नाही आणि तिला त्रास त्याच्यामुळेच झाला. त्याने परवानगी नाकारली. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाला बाहेर सांगता येत नाही. मी त्याला पुढचे धोके सांगितले, तेही सौम्य न करता. शिशुगृहात तिला ताप आला तर तिथल्या लोकांना कशाची घाई करायची हे माहीत नसेल. तो म्हणाला, दोन दिवस द्या.

दोन दिवस लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिभा आरूला भेटायला गेली आणि तिथून सरळ माझ्याकडे आली. संदीप आधीच बसलेला होता. आरूच्या डाव्या पायाचा पंजा सुजला होता. ती चालत नव्हती. समितीला कळलं होतं आणि समितीने शिशुगृहातल्या आयाला नोटीस दिली होती. मुलीला काय केलं, याचा लेखी खुलासा द्या.

"ती आया माह्या पाया पडून राहिली होती," प्रतिभा म्हणाली. "म्हणे, दीदी, मैंने हाथ नहीं लगाया। मले मालूम हाय तिनं हात नाई लावला. मी काय बोलू तिले?"

ती संदीपकडे वळली.

"तुमाले धरलं, मंग मले, आता तिले. तुमची एक हवालदारी वाचवाले किती लोकाईले आत टाकता?" ती म्हणाली. "कार्ड पोरीचं हाय. माय मी हावो. तुमी नाई दिलं तर मी देते. चालली मी."

आई म्हणून तिला तो अधिकार होता. तिला अडवणं माझ्या हातात नव्हतं आणि तिची वकिली करणंही. मी संदीपला एवढंच सांगितलं की समिती पाचपर्यंत बसते. कार्ड बायकोने दिलं आणि नवऱ्याने लपवलं, असं रेकॉर्डवर येईल. दोघांनी मिळून दिलं तर वेगळं लिहिलं जाईल.

तो उठला. "शपथपत्र बनवा मॅडम. सगळं लिहा. पाण्याचं बी लिहा."

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही समितीपुढे होतो. अध्यक्षबाईंनी कार्ड वाचलं, शपथपत्र वाचलं. आधी त्यांनी आरूला गाडीने रुग्णालयात पाठवलं, कार्डाची प्रत सोबत देऊन. प्रतिभाला त्याच गाडीत बसवलं. मग त्या संदीपकडे वळल्या.

"डॉक्टर से झूठ क्यों बोला?"

"नौकरी के डर से, मैडम।"

"और ठंडे पानी से क्यों नहलाया?"

"फौज में हम सब ऐसे ही नहाते हैं, मैडम।"

"वो फौज में कब भर्ती हुई?"

मग त्या शपथपत्रावर शेरा लिहू लागल्या.

रुग्णालयात रक्ततपासणी झाली. बालरोगतज्ज्ञांनी लेखी मत दिलं की हाडांवरचा थर आणि सूज या आजाराने येऊ शकतात, आणि पायाची सूज शिशुगृहातल्या दिवसांतली आहे. त्या दिवसांत बाप तिला भेटलाच नव्हता. आयाची नोटीस मागे घेतली गेली. शिशुगृहात गेल्यापासून अकराव्या दिवशी आरू आईच्या ताब्यात आली. संदीपला उरलेल्या सुट्टीत मुलीबरोबर एकट्याने राहायची मनाई होती. समुपदेशन सक्तीचं होतं. यापुढच्या प्रत्येक सुट्टीत पहिल्या तीन दिवसांत आरूला घेऊन दवाखान्यात हजेरी, अशीही अट होती. पोलिसांनी चार महिन्यांनी खात्मा रिपोर्ट दाखल केला. गुन्हा सिद्ध होत नाही, प्रकरण बंद करा, असं कोर्टाला कळवणारा तो अहवाल. कोर्टाने तो मान्य केला.

पुढचं माझ्या फायलीत नाही, म्हातारीने सांगितलं. संदीपचं मेडिकल बोर्ड झालं. त्याला सीमेवरून स्टोअरच्या कामावर आणलं. हवालदारी अजून आलेली नाही. पुढच्या सुट्टीत तो आला तेव्हा तिने आरूबरोबर त्याच्यासाठीही आंघोळीचं पाणी तापवलं. "म्हणलं, आता दोघंबी गरमच घ्या. त्यानं गुमान घेतलं."

शाळेतल्या बाईंची चूक नव्हती. डॉक्टरांनी एक्स-रेमध्ये दिसलं ते लिहिलं. समितीने कायद्याप्रमाणे आदेश दिला. जामीन अर्जातलं माझं वाक्यही खरं होतं. घरी नसणाऱ्या एका माणसाबद्दल खरं सांगून मी घरी असणाऱ्या दोन बायकांकडे बोट दाखवलं होतं, आणि ते मला पोलिसांच्या फोनवरून कळलं.

आता ‘अशील घरी नव्हता’ असं लिहिण्याआधी घरी कोण होतं, त्यांची नावं मी कागदावर लिहून घेते. आणि मुलाच्या इजेचं प्रकरण असेल तर आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारते, इथे रोज कोण कोणती गोळी घेतं? अशील वैतागतात. म्हणतात, मॅडम, गुन्ह्याचं विचारा ना. ते मी नंतर विचारते.