हात मागे बांधून ऐकणारे

नांदेडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पडद्यावर मला माझाच घसा दाखवला. नाकातून बारीक दुर्बीण घालून आतलं बघतात, त्याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. फारसं दुखत नाही, पण डोळ्यांतून पाणी येतं. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या आणि डावीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलं होतं.

"हा व्होकल कॉर्डवरचा पॉलिप," डॉक्टर म्हणाले. व्होकल कॉर्ड म्हणजे घशातल्या त्या पट्ट्या, ज्यांच्या थरथरण्यातून आवाज निघतो. पॉलिप म्हणजे तिथे आलेला फोडासारखा उंचवटा. "काम काय करता?"

"धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीचा सौदा पुकारतो," मी म्हणालो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. दोन महिन्यांपासून माझ्या घशातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज निघत होता.

"किती वर्षं?"

मी बोटांनी बावीस दाखवले. मग त्यांनी तंबाखूचं विचारलं. सोडून सहा वर्षं झाली होती, पण त्याआधी खाल्ली ती पोटभर खाल्ली होती, हेही हातवारे करून सांगितलं.

"बहुतेक साधंच असेल," डॉक्टर म्हणाले. "पण काढून तपासायला पाठवू. तोवर पुकारणं बंद."

त्यातला तो 'बहुतेक' मी नांदेडपासून धर्माबादपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारी बायको होती, सुमन. तिने खिडकीबाहेर बघत दोनदा विचारलं, "दुखून राहिलं का?" मी दोन्ही वेळा मान हलवली. भीती वाटत होती, ती मान हलवून सांगता येत नाही.

मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या घाऊक बाजारात, सौदा कसा होतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिरचीची पोती ओळीने मांडलेली असतात. पुकारणारा पोत्यापाशी उभा राहतो, व्यापारी त्याच्याभोवती कडं करतात आणि हात वर करून बोली चढवतात. आमच्या अडतीवर हात वर गेला की बोली लागली, मग तो माशी हाकलायला का वर जाईना. म्हणून ज्याला घ्यायचं नाही तो हात मागे बांधून उभा राहतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद म्हणायचे, "म्होरल्याला तर कुणीबी ऐकवल. शेवटच्या माणसाला गेलं पायजे."

माझ्या सौद्यातला शेवटचा माणूस म्हणजे बाबाराव. राज्याच्या सीमेलगतच्या एका खेड्यातला, सत्तरी गाठलेला, धोतर-टोपीतला. प्रत्येक बाजाराच्या दिवशी शेडच्या शेवटच्या खांबाशी हात मागे बांधून उभा. माल कधी आणला नाही, बोली कधी लावली नाही. मी त्यांची थट्टा करायचो. "मामा, आज तरी हात काढा की. गंजले जणू." सगळा मोंढा हसायचा. मामाही हसायचे, पण हात मागेच.

ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं, कारण लेक राणी तिथे दिली आहे. आणि धर्माबादेत मला गप्प बसू कोण देणार? लेकीच्या घरी पाहुणचार घेऊ नये असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. पण मला नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडायची सोय नव्हती.

ऑपरेशनला मायक्रोलॅरिंजियल सर्जरी म्हणतात. पूर्ण भूल देऊन, तोंडातून, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ काढतात. गळ्यावर बाहेरून चीर नाही. मी बेशुद्ध होतो, त्यामुळे मला काहीच सांगता येत नाही. सुमनला विचाराल तर ती बाहेरच्या बाकड्यावर बसून समोरच्या भिंतीवरच्या फरश्या मोजत होती आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता. तुमच्या घरचं कुणी आत असेल तर फरश्या मोजू नका, चहा प्या.

त्यानंतर सात दिवस व्हॉइस रेस्ट. म्हणजे आवाजाला पूर्ण विश्रांती. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, कुजबुजायचंही नाही. कुजबुजणं चालत असेल असं आपल्याला वाटतं. चालत नाही, त्यानेही घशाला ताण पडतो.

या सात दिवसांत सुमन जितकी खूश होती तितकी मी लग्नातही पाहिली नव्हती. ती राणीला म्हणाली, "बघ की, कसे ऐकून राहिले. पंचवीस वर्षांत माझी एक गोष्ट शेवटापर्यंत गेली न्हाई. आज तीन गेल्या." मी आक्षेप घ्यायला बोट वर केलं, तर दोघी हसत सुटल्या. त्या तीन गोष्टींपैकी दोन माझ्याविषयी होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या, हे इथे कबूल करतो.

ऑपरेशनच्या आधीच स्पीच थेरपिस्ट मॅडमनी मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकलं होतं. स्पीच थेरपिस्ट म्हणजे आवाज पुन्हा नीट लावायला शिकवणाऱ्या. ग्रुपचं नाव 'हळू बोला'. टाकताना त्यांनीच 'धर्माबादचे एक दादा आले आहेत' एवढं लिहिलं. त्यात मास्तर होते, कीर्तनकार होते, एक लग्नातल्या बँडचा गाणारा होता. नियम एकच, आवाजी मेसेज पाठवायचा नाही. आणि मी तर आयुष्यात बटण दाबून बोलण्यापलीकडे मेसेज पाठवला नव्हता. टाइप करायला बसलो की एका शब्दाला एक कप चहा लागतो.

पण ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही, त्याचं खरं कारण ते नव्हतं. नवा माणूस आला की तो लिहायचा, मी अमुक गावचा, मला अमुक आजार. माझा तुकडा तपासायला गेला होता. त्याला बायोप्सी म्हणतात आणि त्याचा निकाल यायला दिवस लागतात. मला कोणता आजार आहे हेच अजून ठरलं नव्हतं, तर ओळख कशाची लिहू? 'बहुतेक साधं' असं लिहिलं आणि तसं निघालं नाही तर? म्हणून वाट बघत राहिलो, आणि वाट बघता बघता वाचत राहिलो.

ग्रुपवर चाकूरचे एक काका होते. त्यांची स्वरपेटीच काढलेली, गळ्याला छोटं यंत्र लावून बोलतात असं त्यांनीच लिहिलं होतं. रोज सकाळी एक विनोद टाकायचे, बहुतेक स्वतःवरच. त्यांच्यापुढे मी माझा ज्वारीचा दाणा काय घेऊन जाणार. गप्प राहण्याचं हे दुसरं कारण.

तिसरं कारण मुखेडच्या वर्षाताई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांचं हेच ऑपरेशन माझ्या आधी बरोबर आठ दिवस झालं होतं आणि त्या रोज लिहायच्या. पहिला दिवस, गिळताना दुखलं. चौथा दिवस, खोकला आला आणि वाटलं सगळं वाया गेलं, पण तसं काही होत नाही. आठवा दिवस, पहिला आवाज निघाला, फाटक्या पिपाणीसारखा, घाबरू नका. मला विचारायचं असलेलं सगळं त्या मी विचारायच्या आधीच लिहून ठेवत. गावाकडच्या वाटेवर कुणी आठ पावलं पुढे चालत असेल आणि दगड आला की सांगत असेल, तर मागच्याने उगीच बडबड कशाला करावी?

आणि शेवटचं कारण सांगायला थोडं लाजल्यासारखं होतं. मला मजा येत होती. बावीस वर्षं माझं काम ओरडायचं. दुसऱ्याचं ऐकण्यात असं सुख असतं, हे पन्नाशीनंतर डॉक्टरांनी दवाखान्याच्या कागदावर गप्प बसायला लिहून दिलं तेव्हा मला कळलं.

ऑपरेशननंतरच्या पाचव्या दिवशी दुपारी जेवण करून फोन उघडला. वर्षाताईंचा मेसेज होता. "आज तेरावा दिवस. इथे लिहून मी सगळ्यांना त्रासच देते आहे असं वाटू लागलंय. कुणी काही म्हणत नाही. उद्यापासून थांबते."

माझा रिपोर्ट अजून यायचा होता. माझा चौदावा, विसावा, तिसावा दिवस सगळे त्या बाईंच्या हातात होते. मी बसलो टाइप करायला. 'ताई थांबू नका' लिहिलं. हे हुकूम सोडल्यासारखं वाटलं, पुसलं. 'मी रोज वाचतो' लिहिलं. मग इतके दिवस तोंड का शिवलं होतंस, असं त्या म्हणतील. पुसलं. मी कोण, कुठला, इथून सुरुवात केली. तंबाखूपर्यंत आलो, पुसलं. घाम आला. सुमन आत येऊन विचारून गेली, "कुणाला चिठ्ठी लिहून राहिले?"

आता एक गोष्ट मला माहीत नव्हती, ती तुम्हाला असेल. आपण टाइप करत असलो की ग्रुपवर सगळ्यांना वर तसं दिसतं, नावासकट. अर्धा तास दिसत होतं.

शेवटी चाकूरच्या काकांचा मेसेज पडला. "धर्माबादवाले मघापासून टाइप करून राहिले. पाच मिनिटं करतेत, थांबतेत, परत करतेत. कादंबरी येणार जणू."

मागोमाग हसऱ्या तोंडांची रांग लागली. माझे कान तापले. सौद्यात चुकून हात वर गेलेल्या माणसाची काय गत होते ते त्या दिवशी मला कळलं.

मग वर्षाताईंचा मेसेज आला. "राहू द्या दादा. पोचलं. माझं कुणी कुणी वाचलं ते मला दिसतं. तुम्ही रोज पहिले असता. उद्या चौदावा दिवस लिहिते."

मी फोन उशीवर ठेवला आणि रडलो. तेही आवाज न काढता, नियमाप्रमाणे. राणीला वाटलं रिपोर्ट आला. ती पळत आली. मी हसून हात हलवले, तर ती आणखीच घाबरली.

रिपोर्ट सातव्या दिवशी आला. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "बिनाईन." म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. मला बोलायची परवानगीही त्याच दिवशी मिळाली. मॅडमनी आधी ओठ मिटून नुसतं गुणगुणायला लावलं, मग म्हणाल्या, एक शब्द म्हणा, ओढून नाही, सहज. मी "सुमन" म्हणालो. पिपाणी निघाली, वर्षाताईंनी सांगितलं होतं तशीच. सुमन म्हणाली, "बस झालं. आता माझी गोष्ट सांगू द्या." आणि पदराने डोळे पुसत बसली.

पुढे दोन महिने थेरपी चालली. लातूरला जायचं, श्वास कसा घ्यायचा, पोटातून कसं बोलायचं ते शिकायचं. मॅडमनी बजावलं की पुन्हा तसं ओरडलात तर पुन्हा गाठ येईल. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि कानाला अडकवायचा माइक घ्या म्हणाल्या. असली यंत्रं मोंढ्याबाहेर चादरी विकणारे लावतात आणि मी त्यांना नावं ठेवायचो. आता सुमनने तेच आणून कमरेला बांधलं.

पहिल्या दिवशी सौद्याला उभा राहिलो तेव्हा माइक दोनदा चाचपून बघितला. आवाज निघाला. लहान, पण स्वच्छ. आवाज शेवटपर्यंत पोचला की शेडच्या पत्र्यावरून परत यायचा, त्यावरून मला कळायचं. आज तो येत नव्हता. घाबरलो आणि बावीस वर्षांत कुणी विचारला नसेल असा प्रश्न विचारला. "मागं ऐकू येऊन राहिलं का? येत असंल तर हात वर करा."

शेवटच्या खांबाशी बाबारावांचा हात वर गेला.

मग एक व्यापारी ओरडला, "लागली! मामाची बोली लागली!" मोंढा असा हसला की हमालांनी पोती खाली ठेवली. मामांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मी हसत हसत माइकवर सांगितलं, "ती बोली न्हाई. ती माझ्यासाठी हाय." आणि पुढचं पोतं पुकारलं.

सौदा संपल्यावर मामांना चहाला नेलं. आधी आजवरच्या थट्टेची माफी मागितली. मग विचारलं, "मामा, घेत न्हाई, विकत न्हाई, मग येता कशाला?"

"भाव ऐकतो," मामा म्हणाले. "सांजच्याला पारावर सांगतो. धा-बारा घरं तेवढ्यावर माल बाहेर काढतेत. मी बोलून काय करू? तू बोलून राहिला की." मग बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आवाज बारीक झाला तुजा. पण लई साफ आला."

'हळू बोला'वर मी अजून एक शब्द लिहिलेला नाही. त्या दुपारी मला जे टाइप करता येत नव्हतं ते हेच, आत्ता सांगितलेलं सगळं. राणीकडून टाइप करून घेतलं आहे आणि आज ग्रुपवर टाकतो आहे. चाकूरच्या काका, आली तुमची कादंबरी. वर्षाताई, तुमच्या शेवटच्या, पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत सगळं पोचलं आहे, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आता ग्रुपवर नवी नावं दिसतात. देगलूरचे कुणी आहेत, उदगीरच्या एक बाई आहेत. रोज वाचतात, बोलत नाहीत. तुम्हाला एवढंच सांगतो. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर काढे पीत बसू नका, घसा दाखवा. रिपोर्टची वाट बघताना एकटं वाटलं तर आमचं वाचत जा. ओळख लिहिली नाही तरी चालेल, कारणं मला माहीत आहेत. हात मागे बांधून खुशाल उभे राहा. तुम्ही उभे आहात हे मला इथून दिसतं, आणि तुमच्यापर्यंत पोचेल एवढ्याच आवाजात मी पुकारतो.