साहेब म्हनले, कैरी आन

त्या दिवशी फळीवर कोन कोन होतं, तं मी, माही सासू, माही मोठी जाऊ, गावच्या आनखी चार-पाच बाया, पुड्याईचा हिशेब लिहनारा मुनशीभाऊ, अन चांद्याहून आलेले जंगलचे साहेब. जंगलातून तेंदूची पानं तोडून, पुडे बांधून आमी जिथी वाळाले टाकत होतो, त्या जागेले फळी म्हनत.

त्या साली धान पान्याविना करपला होता. घरी मोहफुलं उकडून खात होतो. फळीचाच आधार. अन मुनशीभाऊनं सकाळीच सांगतलं, "आज साहेब पाहाले येऊन राह्यले. त्याईच्या मनात आलं तं फळी चालन, नाई तं आजच बंद."

साहेब आले. पुडे उलटेपालटे करून पाह्यले. आमच्याकडं हात हालवला अन म्हनले, "कैरी आन, कैरी आन." मंग सावलीत जाऊन बसले.

सासू मले म्हने, "पाहून काय राह्यली वं? साहेबानं कैरी मांगतली. पळ!"

"आत्याबाई, कैऱ्या तं वांदराईनं खाल्ल्या."

जाऊ म्हने, "मंग वांदराच्या हातची हिसकून आन! फळी बंद झाली तं तू खाऊ घालशीन काय आमाले?"

नाल्यापल्याडच्या आंब्यावर चढली मी. लाल मुंग्याईनं अंग फोडून काढलं. उतरताना पाय मुरगळला. पन दोन कैऱ्या भेटल्या. लंगडत आली अन साहेबापुढं ठेवल्या. सासूनं पदराच्या गाठीतलं तिखटमीठ सोडलं.

"हे काय बाई?"

"तुमीच तं म्हनले साहेब, कैरी आन."

मुनशीभाऊनं तोंडावर दुपट्टा घेतला. साहेब तं पोट धरून हासले. मंग सांगाले लागले, "अवो, ते इंग्रजी आहे. कॅरी म्हनजे उचलून नेनं. त्याले ऑन जोडलं का अर्थच बदलते. कॅरी ऑन म्हनजे चालू ठेवा, थांबू नका."

सासूनं इचारलं, "म्हनजे फळी चालू?"

"चालूच. मी तं तवाच सांगतलं."

"घ्या बाप्पा!" जाऊ म्हने. "उचला म्हना का चालू ठेवा म्हना, बाईच्या जातीले दोन्ही एकच."

साहेबाचे दात आंबले, तरी दोन्ही कैऱ्या खाल्ल्या. मी सुजल्या पायानं पुडे बांधाले बसली.

वाचनाऱ्याले एवढंच मांगनं हाये, कामावरच्या बाईसंग बोलान तं तिले समजन असं बोला.