बारव बुजवायची का, हे कोणाला विचारावं?

त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी सगळ्यांवर चिडले होते, आणि खरं सांगायचं तर देवीवरही. चिकलठाण्यापलीकडच्या आमच्या मंदिरासमोर एक जुनी, पायऱ्यांची बारव आहे. भोवती नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या, भाविक वाढले, तशी विश्वस्तांनी कोरडी बारव बुजवून तिच्यावर सभामंडप बांधायचं ठरवलं. विश्वस्तांत मी एकटीच बाई, शाळेतून निवृत्त झालेली. माझं मन नको म्हणत होतं. पण देवीच्या कामात आडवं आल्याचं पाप लागलं तर?

म्हणून विचारत सुटले. पोथी उघडली, तर तिच्यात पाणी जपण्याचं पुण्य होतं आणि मंदिर बांधण्याचंही. एका महाराजांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, देवाच्या कामात शंका कसली? पाऊस तोच पाडेल." औरंगपुऱ्यात पर्यावरणाचं काम करणाऱ्यांच्या कार्यालयात दोन जिने चढून गेले. तिथल्या गृहस्थांनी "धर्माचं आम्ही बोलत नाही, तुम्ही इथं सही करा" म्हणत बारव वाचवण्याच्या अर्जाचा कागद पुढं सरकवला. मला उबग आला. एकाला फक्त देव कळतो, दुसऱ्याला फक्त पाणी. दोन्ही धरून बसलेल्या माझ्यासारखीनं जायचं कुठं?

चितेगावजवळच्या मठात कोणी मोठे जाणकार आल्याचं कळलं. तिथं पोचले, तर ते आदल्या दिवशीच निघून गेले होते. परतताना भर दुपारी स्कूटी बंद पडली. किक मारून मारून डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी रस्त्याकडेला बसले. गाड्या जात होत्या, थांबत कोणी नव्हतं. थांबली ती मेंढरं घेऊन चाललेली एक म्हातारी. तिनं पदर भिजवून माझ्या कपाळावर ठेवला, कॅनमधलं पाणी पाजलं. मला रडूच कोसळलं. त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. देवीला काय हवंय हे कोणी धड सांगत नाही, म्हणाले.

ती वैतागलीच. "लई शिकलेली दिसतीस. बारवंत कधी उतरलीस का?"

"नाही."

"मग महाराजाला काय इचारतीस? माझी सासू तिथं मेंढरं पाजायची. खाली देवी हाय म्हणायची. उतर आन् बघ."

तिनं हात आडवा करून एक टेम्पो थांबवला, स्कूटी मागं चढवायला लावली, मला बसवलं आणि मेंढरांमागं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारवेत उतरले. इतकी वर्षं वरूनच हात जोडत आले होते. खाली नारळाच्या शेंड्या, कुजलेले हार, प्लास्टिकच्या पिशव्या. सगळं आम्ही देवीला वाहिलेलं. हातानंच उपसू लागले. भिंतीतल्या कोनाड्यात दगडाची लहानशी देवी होती, गळ्यापर्यंत आमच्या कचऱ्यात गाडलेली.

विश्वस्तांच्या अध्यक्षांना हाताला धरून खाली नेलं. वाद घालायला आलेला तो माणूस कोनाड्यापुढं वाकला, मग बाह्या सरसावून पिशव्या गोळा करू लागला. बारव बुजवायचा बेत मागं पडला; मंडप कुठं बांधायचा यावर मात्र आजही बैठकीत भांडणं होतात, आणि मीही चिडते. गाळ काढल्यावर बारवेत घोटाभर पाणी आलं. त्याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. मी उत्तर मागत फिरत होते. देवीआईनं मला काम दिलं. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही, पण तिचे उपकार विसरणार नाही. आता काही सुचेनासं झालं की मी घमेलं घेते आणि पायऱ्या उतरते.