जवळून मारायची गोळी

"वो गोली नहीं, अरबाब! नजदीक से वो नहीं!" चाचा गाडीखालून ओरडले, आणि खोटं नाही सांगत, मीना सलमान बंदरातल्या जहाजांनी उत्तरादाखल भोंगे वाजवले.

बहरैनमधल्या आमच्या तुबलीच्या गॅरेजातले हे रत्नागिरीचे चाचा साधा पाना मागतात तेसुद्धा घराला आग लागल्यासारखं ओरडून. हा अरबाब, म्हणजे शेठ, आमचं बडं बहरैनी गिऱ्हाईक. परदेशात हरणाच्या शिकारीला निघालं होतं आणि मोबाइलवर गोळ्यांचे फोटो दाखवत सगळ्यांत वेगवान गोळी मागवली म्हणून मिरवत होतं.

चाचा सरपटत बाहेर आले. "झाडी में जानवर एकदम सामने आता. तेज, हलकी गोली कंधे की हड्डी पे फूटेगी, अंदर नहीं जाएगी. बेचारा तीन टांग पे भागेगा. भारी गोली लो, धीमी."

"एक हिरन के लिए इतना?" अरबाब हसला. "यल्ला, चलो, चाबी दो."

चाचांनी त्याच्याच गाडीची चावी खिशात टाकली. "पहले गोली बदलो."

त्याचा गॅरेजच्या मालकाला एक फोन गेला असता तर चाचांची नोकरी खलास! अरबाबानं चाचांच्या खिशाकडे पाहिलं, मान हलवली आणि मोबाइलवर ऑर्डर बदलली. चाचांनी ती डोळ्यांनी बघितली, तेव्हाच चावी दिली.

तो गेल्यावर मी म्हणालो, "चाचा, कोकणात शे-दोनशे भेकरं लोळवली असतील तुम्ही!"

"एकच मारलं," ते हात पुसत, कधी नव्हे ते हळू बोलले. "ते सापडलं नाही."