निळा अंगठा

काल्हेरच्या गोदामात एका कंपनीने नव्या चादरी बघायला बोलावलं आणि मी गेल्या गेल्या माती खाल्ली. भिवंडीकराच्या सवयीने रंग पक्का आहे का बघायला अंगठा थुंकीने ओला करून मांडलेल्या निळ्या चादरीवर घासला. अंगठा निळा झाला, आणि त्याच हाताने मी मॅनेजरशी हात मिळवला.

माझ्यासारख्याच बोलावलेल्या एका मासिकाच्या बाईंना सोफा, चहा आणि "मॅडम, काय विचारायचंय ते विचारा." मी घरगुती कापडावर ब्लॉग लिहितो, म्हणून मला उभ्यानेच मोबाइलवर तयार मजकूर आला: 'मी स्वतः धुऊन पाहिली, रंग अजिबात जात नाही.'

मॅनेजर म्हणाला, "काका, हे तुमच्या नावाने टाका. चादर फ्री."

"अहो, पण मी धुतली कुठे?"

"ब्लॉगवाले कुठे धुतात, काका?"

मला शिसारी आली. थोडी स्वतःचीही, कारण तोवर मी चादर काखेत मारली होती. पण माझे मोजके वाचक माझ्या भरवशावर चादरी घेतात. चादर टेबलावर परत ठेवली. घरी येऊन ब्लॉगवर निळ्या अंगठ्याचा फोटो टाकला, खाली चादरीचं नाव. बस.

बायकोने बघितलं. म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमचं आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. आता तो हात भाकरीला लावू नका."