बॅग भरता भरता केस कापून आले

मैत्रिणींनो, परवा मुंबईत माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन आहे. नंतर सहा आठवडे हात पट्ट्यात राहणार. आज शाळेतून आल्यावर बॅग भरायला घेतली. रिपोर्ट ठेवले, पुढून बटणं असलेले गाऊन ठेवले. मग कंगवा हातात आला आणि मी थांबले. कमरेपर्यंतचे केस एका हाताने बांधणार कशी?

तशीच उठून जवळच्या डोकमर्डी भागातल्या पार्लरमध्ये गेले. तिथल्या ताई गुजराती. केस हातात घेऊन म्हणाल्या, "बेन, इतके सरस केस! घरी वेणी घालायला कोणी नाही का?"

"आहेत ना, सगळे आहेत," मी म्हणाले. "जरा बदल म्हणून."

खरं तर सिल्वासात मी बारा वर्षं एकटीच राहते. भावाला मीच सांगितलंय, येऊ नकोस, सगळी सोय आहे. तो लगेच "बरं" म्हणाला, तेही लागलंच.

कात्री चालायला लागली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.  माझा उजवा हात वर होत नाही, हे ताईंनी पाहिलं असावं. निघताना म्हणाल्या, "डोकं धुवायला इकडेच या, बेन. मी धुऊन देईन."

मी मान हलवली आणि डाव्या हाताने पर्स उचलली.

घरी येऊन आरशासमोर कितीतरी वेळ उभी होते. कशी दिसतेय, हे विचारायला घरात कोणीच नाही. म्हणून फोटो इथे टाकलाय.

खरं खरं सांगा, बरी दिसतेय ना?